तुटके सिंह, बिनपायांचे पक्षी

इजिप्तमधल्या सक्कारा इथला उनास राजाचा पिरॅमिड बाहेरून आज दगडांचा ढिगारा वाटतो. आत मात्र भिंतीभर चित्रलिपीचे उभे रकाने कोरलेत, त्यांत निळा रंग भरलाय. इसवी सनापूर्वी 2350 च्या सुमाराचे हे मंत्र, मेलेल्या राजाला परलोकी सुखरूप पोहोचवण्यासाठी.

1881 मध्ये फ्रेंच इजिप्ततज्ज्ञ गास्तों मास्पेरो आत शिरले, तोवर त्यांचेच देशबांधव शांपोलियोंनी ही लिपी उलगडून जवळपास साठ वर्षं झाली होती. अक्षर लागत होतं. अर्थ लावणं फार जड होतं: स्वर लिहिलेले नाहीत, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत.

त्यात काही चिन्हं मुद्दाम मोडलेली. पिरॅमिडांतल्या लेखांत कुठे सिंह मधोमध तोडलेला, कुठे माणसाचं नुसतं डोकं आणि हात. पुढे मध्य राज्याच्या काळातल्या (इसवी सनापूर्वी साधारण 2000 ते 1700) शवपेट्यांवर तर पक्ष्यांना पायच नाहीत. शवाजवळचं चित्र जिवंत होऊन मृताला इजा करील, ही धास्ती त्यामागे होती. म्हणजे तेच चिन्ह उच्चारही दाखवतं आणि प्राणी म्हणून धोकाही ठरतं. भाषांतरात उच्चार उतरतो, धास्ती गळून पडते. म्हणून मूळ चिन्हांचं रेखाटन शेजारी नसेल, तर उत्तमातलं उत्तम भाषांतरही मला अपुरं वाटतं.

नंतर हे मंत्र पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर आले, किंमत मोजणाऱ्या अधिकाऱ्यांनाही मिळू लागले. ब्रिटिश म्युझियममधल्या आनी नावाच्या लेखनिकाच्या पपायरसात बराच मजकूर आधीच लिहून ठेवलेला होता. नावाच्या रिकाम्या जागा मागाहून भरल्या.

पपायरसवरच्या या मंत्रसंग्रहाला ‘मृतांचं पुस्तक’ म्हणतात; त्यातला 17वा मंत्र मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात मृत म्हणतो, ‘काल माझा आहे, उद्या मला ठाऊक आहे.’ लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे काय?’ उत्तर: काल म्हणजे मृतांचा देव ओसायरिस, उद्या म्हणजे सूर्यदेव रा. पुढे काही ठिकाणी ‘दुसरं मत असं’ म्हणून वेगळा अर्थही दिलाय. ही टीका, म्हणजे अर्थाची फोड, खुद्द इजिप्शियनांची, आणि ती मंत्राचाच भाग होऊन बसली. तिची सुरुवातीची रूपं मध्य राज्यातल्या शवपेट्यांवरच सापडतात, पण प्रत्येक पेटीवर ती सारखी नाही. त्यामुळे डच इजिप्ततज्ज्ञ आद्रिआन द बुक यांच्या संपादनाखाली 1935 ते 1961 दरम्यान शवपेट्यांवरच्या मंत्रांचे सात खंड निघाले, तेव्हा एकच शुद्ध पाठ ठरवण्याऐवजी निरनिराळ्या पेट्यांवरचे पाठ शेजारी-शेजारी रकान्यांत छापले गेले.