स्थलांतरित पालक आणि मुलांचे शिक्षण (गोवा)

कामधंद्यासाठी गोव्यात आलेल्या आईवडिलांचा, इथल्या शाळेत शिकणाऱ्या घरातल्या पहिल्या पिढीच्या शिक्षणावर पडणारा प्रभाव. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर बंदर, खाणी, बांधकामे आणि पुढे औद्योगिक वसाहती व हॉटेले यांनी बाहेरची माणसे ओढून घेतली. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून मराठी कुटुंबे आली, तर उत्तर कर्नाटकातून कन्नड. वास्कोतील बायणा, झुआरीनगर, मडगावचा मोतीडोंगर, चिंबलचे इंदिरानगर या त्यांच्या ओळखीच्या वस्त्या.

मराठी कुटुंबाला गोवा तसा परका नाही. देवळातली आरती, कीर्तन, नाटक, सकाळचे वर्तमानपत्र मराठीतच. दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यामुळे पोराला पहिलीत घालताना भाषा आड येत नाही. ती येते पाचवीत, कारण माध्यमिक शिक्षण बहुतेक इंग्रजीतून चालते. १९९० च्या धोरणाने प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी व कोकणी माध्यमापुरते ठेवले होते. २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही मिळू लागले आणि राज्यभर आंदोलन पेटले. त्या वादात मातृभाषेवर पुष्कळ बोलले गेले, पण रोजंदारीवर जाणाऱ्या आईचे गणित क्वचितच कोणी मांडले. आपण इंग्रजी फॉर्मपुढे अडतो ते पोराच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यावरच तिचा निर्णय होतो.

कमी शिकलेले पालक बेफिकीर असतात, हा शिक्षकांच्या खोलीतला आवडता समज आहे. ग्रेस काओ आणि मार्टा तिएंडा यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरितांवर १९९५ मध्ये केलेली मांडणी नेमकी उलटी आहे: या पालकांच्या अपेक्षा उंच असतात आणि मुलांच्या यशात त्यांचा मोठा वाटा असतो. गोव्यातले स्थलांतर देशातल्या देशातले, पण अपेक्षा तशीच दिसते. पालकसभेला जायचे तर दिवसाचा खाडा पडतो, म्हणून ते दिसत नाहीत. गवंडीकाम करणारा बाप संध्याकाळी वही उघडून अक्षर ओळीत आहे की नाही एवढेच पाहतो. उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळत नाही, पण वही रोज उघडली जाते. ट्यूशनची फी मात्र घरभाड्याच्या बरोबरीने बाजूला काढली जाते.

उलट दिशेनेही ओझे येते. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेची स्लिप, मालकाचा मेसेज हे सगळे सातवी-आठवीतल्या मुलाकडे येते. थोरली मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळणेही तिच्याकडेच. गावची जत्रा आली किंवा साइट बदलली की हजेरी गळते.

कागदपत्रांचा भाग वेगळाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्राथमिक शिक्षणासाठी प्रवेश नाकारता येत नाही. खरी अडचण नंतर येते. सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले की मूळ राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या बापाच्या जातीच्या दाखल्यावर गोव्याच्या कोट्यातली राखीव जागा मुलाला मिळत नाही, मग मुलगा पहिलीपासून गोव्यातच शिकलेला का असेना.