लिटरला किती देते?

गोव्यात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की शेजारी आधी हेच विचारतो. बारा-पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर ‘डिझेल आहे’ एवढंच पुरायचं. आज तेच शोरूममध्ये छोटी डिझेल गाडी मागितली, तर बहुतेक कंपन्यांकडे ती नसते.

डिझेलचा लौकिक खोटा नव्हता. जर्मन संशोधक निकोलाउस ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ सालचं. पेट्रोल इंजिन त्याच वंशातलं; त्यात इंधन ठिणगीने पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला दाखवलेल्या इंजिनात मात्र ठिणगीच नव्हती. हवा इतकी दाबायची, की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावं. त्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना दहाच्या आसपासच जमायचं. जास्त दाब म्हणजे जास्त काम, हे गणित आजही तसंच आहे. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा अधिक असते. ओझं ओढायला त्यामुळेच डिझेल: खनिजाचे ट्रक, मांडवी-झुआरीतल्या बार्ज, मालिमच्या धक्क्यावरचे मासेमारी ट्रॉलर.

घरगुती गाड्यांत डिझेल शिरलं ते मात्र इंजिनापेक्षा दरामुळे, असं माझं ठाम मत आहे. केंद्राने पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत दोन्हींत तीस रुपयांहून जास्त फरक होता. गोव्यात त्याच वर्षी मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले. घरोघरी स्कूटर असलेल्या राज्यात हा दिलासा मोठा होता. डिझेल गाडीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायला इथे साहजिकच अधिक वर्षं लागू लागली.

मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक आलं. काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड रोखायची यंत्रणा छोट्या डिझेल इंजिनाला परवडेना. मारुतीने डिझेल गाड्याच थांबवल्या. त्यात काजळी अडवणाऱ्या फिल्टरची अडचण आपल्याकडे जास्त जाणवते. साचलेली काजळी जाळायला गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. म्हापशाहून पणजी, फोंड्याहून मडगाव, एवढीच ज्याची रोजची धाव, त्याचा फिल्टर तुंबणारच. अशा माणसाने जुन्या आठवणीवर डिझेल घेऊ नये.

पेट्रोलही स्वस्थ बसलेलं नाही. टोयोटाच्या हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या, गाड्यांतल्या पेट्रोल इंजिनांनी चाळीस टक्क्यांची कार्यक्षमता गाठली आहे, आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत ब्रेकची वाया जाणारी ऊर्जा या गाड्या बॅटरीत साठवतात. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर लिटरमागचं अंतर थोडं घटतं, हे मात्र हिशेबात धरायला हवं. पणजीच्या रस्त्यांवर कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बसही धावू लागल्या आहेत. रात्र-रात्र समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरसाठी मात्र तेवढी बॅटरी अजून परवडत नाही. मालिमला डिझेलच भरलं जातं.