विजयदुर्ग : उधाण, जांभा आणि ग्रहणाचे ओटे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला वाघोटणची खाडी समुद्राला मिळते. या मुखाच्या दक्षिण काठावरून खडकाचे एक नाक पाण्यात शिरलेले आहे. त्या नाकावर किल्ला आहे आणि त्याच्या पाठीशी गाव. गाव आता लहान आहे. पण मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरने या बंदराची गणना पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांत केली आहे. मुखाशी वाळूचा दांडा नाही, कुठल्याही हवामानात आत येता येते आणि ऐन नैऋत्य मोसमी पावसातही मोठ्या जहाजांना आसरा मिळतो, ही कारणे गॅझेटियरनेच दिली आहेत.

कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा आडवा दांडा असतो. लाटा किनाऱ्यालगतची वाळू मुखाकडे ढकलतात, ओहोटीचे पाणी ती बाहेर रेटते, आणि दोघांचा जोर जिथे सारखा होतो तिथे वाळू बसते. विजयदुर्गला दक्षिणेचा किनारा खडकाळ आहे, त्यामुळे वाळूचा पुरवठाच कमी. शिवाय नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा किल्ल्याचे भूशिर अंगावर घेते. त्याच्या आडोशाला, खाडीच्या आतल्या अंगाला, पाणी खोल आणि शांत राहते. किल्ला राजा भोज शिलाहाराने १२०० सालाच्या आसपास बांधला अशी परंपरा आहे. पण ही जागा त्याआधीही मोलाची असणार, कारण खाडीने सुमारे ४० किलोमीटर आत खारेपाटणची जुनी पेठ होती. शिलाहार रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इ.स. १००८चा ताम्रपट तिथलाच. भरतीबरोबर गलबत आत जायचे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. वल्हे मारण्याचे निम्मे कष्ट चंद्र करत असे.

म्हणून विजयदुर्गचा इतिहास वाचताना सनावळीबरोबर तिथी आणि महिनाही पाहावा लागतो. भरती कधी, उधाण कधी आणि पाऊस कधी, या तीन गोष्टी सुटल्या की इथल्या निम्म्या गोष्टींचा उलगडाच होत नाही.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरची माणसे तिथीवरून करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन भरतींच्या मधोमध ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, तिथी एकाने वाढते आणि पाऊणपट केल्यावर ४५ मिनिटे पुढे सरकतात. हिशेब जुळतो तो यामुळे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे विजयदुर्गची भरती मुंबईच्या थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तिच्यात पाणी जेमतेम चढते. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होते. खाली दक्षिणेला हा फरक कमी होत जातो आणि विजयदुर्गला तो सुमारे अडीच मीटर भरतो.

हे अडीच मीटर मराठा आरमाराने कसे वापरले, ते किल्ल्यापासून खाडीने दोन-तीन किलोमीटर आत, गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला दिसते. तिथे आरमारी गोदी आहे. काही भाग खडक कापून केलेला, काही बांधून काढलेला. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर. कान्होजी आंग्रे यांनी १६९८च्या सुमारास विजयदुर्गला ठाणे केले, आणि ही गोदी आंग्र्यांच्याच काळातली मानली जाते.

अशा गोदीला पाणी उपसायचे यंत्र लागत नाही. उधाणाच्या पूर्ण भरतीला जहाज अरुंद तोंडातून ओढून आत घ्यायचे. जिथे बसवायचे तिथे आधीच लाकडी ठोकळे मांडलेले हवेत. ओहोटीने पाणी उतरू लागले की जहाजाचा कणा ठोकळ्यांवर टेकतो. त्या वेळी दोन्ही अंगांना टेकू देणारी माणसे तयार नसली तर जहाज कुशीवर कलंडते आणि त्याच्याच वजनाने फळ्या उलतात. जहाज नीट बसले आणि पाणी बाहेर गेले की तोंड बंद करायचे, म्हणजे पुढच्या भरतीचे पाणी आत येत नाही.

एक अडचण मात्र चुकत नाही. सर्वांत मोठ्या उधाणाला आत घेतलेले जड जहाज पुढच्या उधाणापर्यंत बाहेर काढता येत नाही, कारण मधल्या भांगाच्या भरतीला तेवढे पाणीच चढत नाही. म्हणजे दुरुस्तीच्या कामाला जवळजवळ पंधरवड्याची मुदत आपोआप पडते. काम लवकर संपले तरी थांबायचे आणि रेंगाळले तर आणखी पंधरा दिवस घालवायचे. शत्रू समोर असताना ही मुदत किती महाग पडत असेल!

हा सारा खटाटोप मुख्यतः एका शिंपलावर्गीय प्राण्यासाठी. टेरेडो नावाचा हा जहाजकिडा दिसतो अळीसारखा, पण तो कालवा-तिसऱ्यांच्या कुळातला आहे. त्याचे पिल्लू पाण्यातून तरंगत येऊन लाकडावर बसते, टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून आत शिरते आणि मग आतल्या आत वाढत लाकूड पोखरते. फळी वरून धडधाकट दिसते आणि आतून चाळण झालेली असते. उपाय एकच : ठराविक काळाने जहाज कोरडे करायचे, बुडाला चिकटलेली शंख-कालवे खरवडायची, फटींत कापूस ठासायचा आणि वर राळ, तेल, चुना यांचा लेप द्यायचा. लाकूड पुरेसे दिवस कोरडे राहिले तर आतला किडा मरतो. एका भरती-ओहोटीच्या फेऱ्यात तो मरत नाही, भोकाचे तोंड आतून बंद करून तग धरतो. तोंड बंद करता येणारी गोदी लागते ती नेमकी यासाठी.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गच्या परिसरात शोध घेतला तेव्हा दगडी नांगरही मिळाले. चौकोनी, लांबट, वरच्या टोकाला दोरासाठी एक भोक आणि खाली लाकडी आकड्यांसाठी आणखी भोके, अशा या घडणीला अभ्यासक भारतीय-अरबी प्रकार म्हणतात. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर असे नांगर सापडतात, आणि या खाडीत ते मिळावेत हे तिच्या व्यापाराशी जुळणारेच आहे.

याच परिसरातली पाण्याखालची भिंत अधिक गाजली. किल्ल्यापासून समुद्रात दीडशे-दोनशे मीटरवर, आठ ते दहा मीटर खोलीत, जांभ्या दगडाचे हे बांधकाम आहे. अंदाजे १२२ मीटर लांब, सात मीटर रुंद, तीन मीटर उंच. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे सांगितले जाते. इथे साधी वजाबाकी करून पाहावी. तळ आठ ते दहा मीटरवर धरला, तर भिंतीचा माथा पाच ते सात मीटरवर येतो. मराठ्यांची गलबते हलकी, उथळ पाण्यात चालणारी. गुराबे त्यांच्याहून मोठी, तरी युरोपी युद्धनौकांइतकी खोल बसत नसत. साठ-सत्तर तोफांची इंग्रज नौका मात्र सुमारे सहा मीटर पाण्यात बुडलेली असते. म्हणजे ही भिंत मोठ्या जहाजालाच धोक्याची, आणि तेही पाणी उतरलेले असताना. पूर्ण उधाणाला तेच जहाज बहुधा वरून निघून गेले असते. तेव्हा त्या भिंतीची कोणतीही गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न भरतीच्या वेळेचा विचारावा.

१७५६च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचा ताफा आला तो भिंतीला अडला नाही. महिना पाहा : समुद्र शांत, आकाश निरभ्र, पाऊस चार महिने लांब. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती आणि जमिनीवरच्या फौजेची बाजू क्लाइव्हकडे होती. वॉटसनची निशाणनौका केंट ७० तोफांची. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांशी बांधून उभे होते. तोफेचा एक पेटता गोळा त्यातल्या एका जहाजावर पडला, ते जहाज भडकले आणि तेल-राळेने माखलेली, दोरखंडांनी जखडलेली जहाजे एकापाठोपाठ एक जळाली. ज्या आडोशाने आरमार वर्षानुवर्षे पावसातून सुखरूप राहिले, त्याच अरुंद जागेत ते एका दिवसात संपले. मराठी आरमाराच्या इतिहासात याहून मोठी हानी दाखवणे अवघड आहे, आणि तिला आपल्याच सत्ताधाऱ्यांचा हात लागावा याचे दुःख आजही होते. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला, बदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळाले. पुढे आनंदराव धुळपांच्या हाताखाली विजयदुर्ग पुन्हा आरमाराचे मुख्य ठाणे झाले. १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले.

आता किल्ल्यातल्या दगडी ओट्यांकडे येऊ. लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे फलकांपासून पाठांतरापर्यंत सगळीकडे सांगितले जाते. तो दिवस इथे उत्साहाने साजराही होतो. तरीही ही माहिती चुकीची आहे, आणि दुरुस्त केल्याने गावाचा मान कमी होत नाही.

१८६८चा खग्रास पट्टा कोकणातून विजापूर, जमखंडी, गुंटूर असा मछलीपट्टणकडे गेला होता. पण १८ ऑगस्ट म्हणजे कोकणात भर पावसाळा. आकाश झाकलेले, बंदरे बंद, नाजूक यंत्रे जहाजातून उतरवणे अशक्य. जमखंडीला गेलेल्या लेफ्टनंट हर्शल यांनाही ढगांच्या फटींतून सूर्य पाहावा लागला. फ्रान्सचे जान्सन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना इतक्या ठळक रेषा दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्यांच्या लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तसे करून दाखवले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ला त्यांनी तिथून, ग्रहणाशिवायच, त्याच ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या जवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. या दीड-दोन नॅनोमीटरच्या फरकातून नवे मूलद्रव्य कल्पिले गेले आणि त्याला हेलियम नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅम्झी यांना १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजात सापडले.

लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. जानेवारीत कोकणचे आकाश स्वच्छ असते आणि समुद्र शांत. मेलपोमीनी या युद्धनौकेचे नौसैनिक मदतीला होते. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात ठरलेल्या क्रमाने छायाचित्रणाच्या काचा बदलायच्या, म्हणून आधी पुन्हा पुन्हा कवायत करावी लागते.

त्यांचे मुख्य साधन होते भिंगापुढे लोलक बसवलेला कॅमेरा. सूर्यबिंब झाकले जाताना त्याच्या कडेचे वातावरण बारीक कोरीसारखे उरते. लोलकातून पाहिल्यावर प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगाची वेगळी कोर काचेवर उमटते, हेलियमचीसुद्धा. यंत्र केसभर हलले तरी कोरी एकमेकींत मिसळतात आणि काच वाया जाते. खडकात रोवलेला, भरीव दगडी ओटा लागतो तो यासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला आपली यंत्रे घेऊन गेले होते, ही गोष्ट मराठी वाचकाला अधिक माहीत असायला हवी.

किल्ल्याचे दगड पाहिले तर ते बहुतांशी जांभा. बेसॉल्टवर लाखो वर्षे ऊन-पाऊस पडून सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात, तो हा दगड. खाणीतून ओला काढताना तो सहज कापला जातो आणि उघड्यावर वाळून कडक होतो. सडा, म्हणजे वरचे सपाट पठार, याच दगडाचा असल्याने पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या चिकणमातीशी अडतो आणि उताराला झरे फुटतात. मोसमात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात, त्याचेही कारण हीच सच्छिद्रता.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत आला. आता डागडुजी वाढेल, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगायची. जांभ्याच्या भिंतीतून ओल आणि खारे पाणी सतत ये-जा करते. चुन्याने भरलेला सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो, ओल सांध्यातून बाहेर पडते आणि मीठ चुन्यात साचते. तो झिजला की पुन्हा भरता येतो. सांध्यात सिमेंट भरले की ओलीला वाट उरते फक्त दगडातून. मीठ दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिकरूप होते, फुगते आणि काही पावसाळ्यांत चिरा पोकळ होऊन सिमेंटची जाळी तेवढी उभी राहते. वड-पिंपळाची मुळे नुसती वरून छाटली तर ती आत जाड होतात. ती पावसापूर्वी मुळासकट मारावी लागतात आणि पोकळी लगेच चुन्याने भरावी लागते. गोदीतला गाळ काढण्याआधी तिथल्या खारफुटीचा आणि गाळात दडलेल्या लाकडाचा, नांगरांचा नकाशा व्हायला हवा. पाण्याखाली हवेविना टिकलेले लाकूड उघड्यावर वाळले, की आक्रसून त्याचा भुगा होतो.

गोदी पाहायला जायचे असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ऑक्टोबर ते मे या महिन्यांत, सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी पोचावे. त्या वेळी ओहोटी लागलेली असते आणि कापलेल्या खडकाची कड उघडी पडते.