पोलिसाला कसली शुगर आणि कसला हार्टचा त्रास? एका जुन्या गैरसमजाचा खुलासा

"धावून भरती झालेला माणूस, दिवसभर पायांवर उभा, त्याला कसला बीपी आणि कसली शुगर," हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी ऐकू येते. ते चुकीचे आहे आणि त्यामुळे तपासण्या लांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. भरतीच्या वेळी कमावलेला दम सराव सुटल्यावर काही महिन्यांतच ओसरतो. शिवाय उभे राहणे हा व्यायाम नव्हे: सुवर्ण विधानसौधाच्या (बेळगावातील कर्नाटक विधिमंडळाची इमारत) अधिवेशनात किंवा गणेश विसर्जनाच्या रात्री बंदोबस्तावर तासन्‌तास एका जागी थांबलेल्या हवालदाराचे पाय सुजतात, पण हृदयाला भरभर चालण्याइतकेही काम पडत नाही.

खरी झीज रात्रपाळीत होते. रात्री शरीर इन्शुलिनला कमी दाद देते, त्यामुळे पहाटे दोन वाजता गोड चहाबरोबर खाल्लेली भजी रक्तातली साखर सकाळी तेच खाल्ल्यापेक्षा जास्त चढवतात. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, रक्तदाबही वाढतो.

पट्टा एक भोक सैल करावा लागला की घरचे "तब्येत सुधारली" म्हणतात. आपल्याकडील पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी कंबर ही धोक्याची रेषा मानली जाते. वाढलेली कंबर, १३०/८५ किंवा अधिक रक्तदाब, उपाशीपोटी १०० किंवा अधिक साखर, १५० किंवा अधिक ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) आणि कमी एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल), यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि तो बहुधा काहीही न दुखता वाढतो.