गिटारच्या नेकवरचे पॉलिश खरवडून काढण्याची गरज नसते
गिटारची नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, हाताला चिकटते म्हणून तिच्या मागचे पॉलिश खरवडून लाकूड उघडे करावे, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. चिकटपणा पॉलिशमुळे नव्हे, तर त्याच्या चकाकीमुळे जाणवतो: घामेजलेला अंगठा आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला सपाट टेकतो आणि हात सरकताना अडखळतो. म्हणून केवळ चकाकी मोडणे पुरेसे असते. सर्वांत बारीक, ०००० क्रमांकाची स्टील वूल (पोलादाच्या बारीक तंतूंचा पुंजका) घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हेडस्टॉकपासून, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकापासून, बॉडीपर्यंत हलक्या हाताने लांब फेरे मारावेत आणि दुधी, मंद झळाळी दिसली की थांबावे. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे चुंबकीय भाग, आधी टेपने झाकावेत, कारण लोखंडाचा बारीक कीस त्यांच्या चुंबकांना चिकटला की निघता निघत नाही. या साध्या खबरदारीकडे फार दुर्लक्ष होते, याचे वाईट वाटते. उलट, पॉलिश खरवडल्याने नेकचे मेपलचे लाकूड उघडे पडले तर ते घाम आणि मळ शोषून काळवंडते, शिवाय कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत नेक वाकण्याचा धोका वाढतो. हाताच्या घर्षणाने मंद केलेला भाग काही काळाने पुन्हा चकाकू लागतो; तेव्हा तेच फेरे पुन्हा मारावेत.