नादगुण आणि पोत (प्रायोगिक संगीतातील विश्लेषण)

तोच षड्ज तंबोऱ्यावर आणि बासरीवर सारख्याच उंचीचा व सारख्याच जोराचा वाजला, तरी दोन्हींतला फरक कानाला ज्यामुळे कळतो, तो नादगुण. संगीतशास्त्राच्या आपल्या क्रमिक पुस्तकांत त्याला ‘नादाची जाती’ म्हणतात. एकाच वेळी ऐकू येणाऱ्या अनेक नादांची जी दाट-विरळ किंवा खरखरीत-मऊ वीण होते, तो पोत. रागाची वा स्वरसंवादाची चौकट सोडलेल्या संगीतात हीच दोन अंगे रचनेचा कणा होतात. स्वरलिपीत मात्र ती फारशी उतरत नाहीत.

नादगुण हा मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांच्या, म्हणजे उपस्वरांच्या कमीअधिक बळावर ठरतो, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये मांडले. ते अपुरे होते. १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित आवाजांतून संगीत रचणारे फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी घंटानादाच्या ध्वनिमुद्रणातून आघाताचा क्षण वगळला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेना. म्हणजे नाद कसा उमटतो आणि कसा विरतो, हेही त्याच्या ओळखीत येते. तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजता झणकार) लावताना घोडीवरचा दोरा केसभर सरकवून उपस्वर खुलवणाऱ्याला हे हातानेच ठाऊक असते. फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांच्या ‘पार्सियेल’ (१९७५) या रचनेत ट्राँबोनच्या एका खर्ज स्वराचे उपस्वर १८ वादकांमध्ये वाटून दिलेले आहेत.

ध्वनिमुद्रित आवाजांची शेफर यांची पहिली रचना रेल्वेच्या आवाजांची होती, म्हणून १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी जिथे आली त्या ठाणे स्थानकाचे उदाहरण येथे साजेसे आहे. फलाटावरचे ध्वनिमुद्रण स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने) किती बळाच्या आहेत हे दाखवणाऱ्या आलेखावर, पाहिले, तर निघत्या लोकलच्या मोटारीचा सूर चढत जाणाऱ्या समांतर रेषांत दिसतो, ब्रेकची हवा सुटताना सगळ्या कंप्रतांवर एकदम पट्टा उमटतो, आणि गर्दीतले आवाज एकमेकांत मिसळून सलग धूसर थर होतो. रेषा, पट्टा आणि थर यांतला शेवटचा खरा पोत, कारण त्यातला एकही आवाज वेगळा काढता येत नाही. संगीतकार लिगेटी यांच्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर’मध्ये (१९६१) वाद्यवृंदातले असंख्य स्वरप्रवाह असेच एकमेकांत विरघळतात.

आलेखावर मात्र पूर्ण विसंबता येत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात ४,०९६ नमुन्यांची खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा) घेतली, तर ती सुमारे ९३ मिलिसेकंदांची होते: जवळच्या कंप्रता वेगळ्या दिसतात, पण आघाताचा क्षण पुसट होतो, खिडकी लहान केली की उलट घडते. म्हणून आधी पुन्हापुन्हा ऐकून, नादाचा उगम बाजूला ठेवून त्याचे वर्णन लिहावे आणि मगच आलेख उघडावा.