बाई बदलून मागण्याआधी एवढं वाचा

(आमच्या घरपोच शुश्रूषा सेवेच्या ग्राहकांसाठी, इंदूर)

अल्झायमर झालेल्या ज्येष्ठांच्या घरून आम्हाला एक फोन वारंवार येतो. "आई दोन दिवसांपासून फार बिघडली आहे, बाईशी तिचं अजिबात जमत नाही, उद्यापासून दुसरी पाठवा." आम्ही लगेच हो म्हणत नाही, आधी प्रश्न विचारतो. पैसे देऊन वर चौकशी कशाला, असं काहींना वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

अल्झायमर हळू चालणारा आजार आहे. त्यात माणूस महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी उतरत जातो. परवापर्यंत स्वतःच्या हाताने जेवणारी आई आज घास तोंडात धरून बसते, रात्रभर जागते, बाईच्या अंगावर धावून जाते, तर "आजार वाढला" असं धरून बसू नका आणि बाईवरही ढकलू नका. एकदोन दिवसांत एवढा फरक पडला, तर त्यामागे बहुधा वेगळं कारण असतं, आणि पुष्कळदा ते उपचाराने बरं होतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. याचा एक शांत प्रकारही आहे. माणूस दिवसभर झोपाळलेला, गप्प. घरच्यांना वाटतं, बरं झालं, त्रास देत नाही. आम्हाला जास्त काळजी याचीच वाटते.

सगळ्यात आधी लघवी बघा. म्हातारपणी युरिन इन्फेक्शनमध्ये ताप किंवा जळजळ असतेच असं नाही, कधी फक्त गोंधळ वाढतो. मग पोट साफ होतंय का ते बघा. तीन दिवस पोट साफ नसलेल्या माणसाला काय दुखतंय ते सांगता येत नाही, मग तो चिडतो, कपडे ओढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी कमी पडतं, कारण तहान लागल्याचं त्यांना कळतही नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम (क्षार) उतरलेलं असू शकतं. दाढ, कवळीखालची जखम, गुडघा, पाठीवरचा फोड हेही तपासा. आणि परवा पडल्या होत्या का? लागलेलं दिसत नसलं तरी डॉक्टरांना जरूर सांगा.

यानंतर गोळ्या. हा मुद्दा बहुतेक घरांत सुटतो. सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून आणलेल्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामाइन नावाचं औषध असतं. अल्झायमरमध्ये मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीसाठी लागणारं रसायन, आधीच कमी झालेलं असतं. ते टिकावं म्हणून डॉक्टर डोनेपेझिल देतात, आणि सर्दीची ही गोळी नेमकी त्याच्या उलट काम करते. वारंवार लघवी होते म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचंही तेच. झोपेची गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने तर देऊच नका. सर्व गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या; नुसती चिठ्ठी पुरत नाही.

लोकमान्य नगरातल्या एका आजी बाईच्या हातचं खाईनात. घरचे म्हणाले, तिची जात-पात विचारतात, दुसरी द्या. आमच्या सुपरवायझर ताई घरी गेल्या. पांढऱ्या ताटात पांढरा दहीभात, आणि चष्मा टीव्हीवर ठेवलेला; आजींना ताटातलं दिसतच नव्हतं. चष्मा लावला, तोच दहीभात हिरव्या ताटलीत वाढला, आजी जेवल्या. तीच गोष्ट कानाच्या मशीनची. सेल संपलेलं मशीन कानात असेल तर ऐकू कमी येतं, उत्तर चुकतं, आणि आपण म्हणतो विसरायला लागल्या.

अशा वेळी बाई बदलली तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर एक अनोळखी चेहरा येतो. अंघोळ घालणारे हात सवयीचे व्हायला बरेच दिवस लागतात. ते दिवस तुमचेही जातात, आमचेही. म्हणून आम्ही तीच बाई टिकवायचा आग्रह धरतो. बाई आवाज चढवत असेल, हात उगारत असेल, रात्रपाळीला झोपत असेल, तर मात्र एकही प्रश्न न विचारता त्याच दिवशी बदलून देतो.

घरच्यांना एक विनंती. "ओळख बघू, मी कोण?" ही परीक्षा घेऊ नका. गणपतीत पुण्या-बंगळूरहून सगळे येतात आणि प्रत्येक जण हेच विचारतो. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर खराब होतो. प्रश्न विसरला जातो, पण झालेली फजिती मनात राहते. त्यापेक्षा "आई, मी सुनील, पुण्याहून आलोय" असं स्वतःच सांगा. रामरक्षा, आरत्या, मटार सोलणं, वाती वळणं हे पुष्कळ काळ टिकतं, ते करू द्या. संध्याकाळी अंधारायच्या आत दिवे लावा. रंगपंचमीला गेर (रंगांची मोठी मिरवणूक) राजवाड्याकडे निघते तेव्हा त्या रस्त्यावरच्या घरांनी आजी-आजोबांना गोंगाटापासून दूर, मागच्या खोलीत बसवावं.

भाषेचंही सांगतो. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. आयुष्यभर बँकेत हिंदी बोललेले काका आता "पानी पिओगे?"ला उत्तर देत नाहीत, "पाणी घेता का?" म्हटलं की हात पुढे करतात. आमच्या बऱ्याच बायका हिंदी बोलणाऱ्या आहेत. त्यांना आम्ही रोजची मराठी वाक्यं शिकवूनच पाठवतो. मराठी घरातली बाई हवी असेल तर थोडं आधी कळवा.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: बदल कोणत्या दिवसापासून, शेवटचं पोट कधी साफ झालं, दिवसभरात पाणी किती गेलं, आणि आठवड्यात कोणती गोळी नवी सुरू किंवा बंद झाली. ताप असेल, त्या उठतच नसतील किंवा पडल्या असतील, तर आम्हाला नंतर कळवा, आधी डॉक्टर गाठा. एरवी सुपरवायझर ताई त्याच दिवशी घरी येऊन बघतात, त्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. बाई रोज ही माहिती ज्या वहीत लिहिते ती दिवाणखान्यातच ठेवा. वही भरली की दुसरी आम्ही आणून देऊ.